श्वाननिद्रा : एका वेक-ऑन-लॅन पॅचच्या रिव्ह्यूचं प्रकरण

गुरुवारी दुपारी डबा खाऊन जागेवर आलो तर रिव्ह्यूच्या रांगेत चार पॅचेसचा, म्हणजे कोडमधल्या बदलांचा, संच येऊन बसला होता. विषय एका ओळीचा: नेटवर्क ड्रायव्हरमध्ये वेक-ऑन-लॅनची, म्हणजे झोपलेलं मशीन नेटवर्कवरून उठवायची, सोय. सगळ्या मिळून दीडशेच्या आसपास ओळी, आणि खाली टीप: ‘बोर्डवर तपासलं, मशीन उठतंय.’ अशा संचाला दहा मिनिटांत होकार देऊन चहाला जायचा मोह होतो. मी चहाला गेलो, होकार मात्र परत येऊन द्यायचा ठेवला. परत आल्यावर एक साधा प्रश्न विचारला आणि पुढचे तीन आठवडे त्यातच गेले.

आमचं उत्पादन म्हणजे दुकानांतल्या मोठ्या स्क्रीनमागे चिकटवलेली एक डबी. आत लिनक्स. रात्री दुकान बंद झालं की डबी झोपते, सकाळी शटर वर जायच्या आधी तिच्यातलं घड्याळ तिला उठवतं. ग्राहकाला आता हवं होतं की मध्यरात्री अपडेट टाकायचा झाला तर नेटवर्कवरून हाक मारून डबी उठवता यावी. इथरनेटचा मॅक, म्हणजे नेटवर्कचे बाइट घेणारा-देणारा भाग, मुख्य चिपमध्ये, तारेशी बोलणारी फाय चिप वेगळी, आणि ड्रायव्हर चिपच्या पुरवठादाराने दिलेला; लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (गाभ्यात) कधी न गेलेला, पाच-सहा हातांतून फिरलेला. पुण्यात एम्बेडेडचं काम करणाऱ्या कुणालाही असा एखादा ड्रायव्हर माहीत असतोच. तो आपला नसतो, पण सांभाळायचा आपणच.

पॅच लिहिणारी मुलगी आमच्याकडे दोन वर्षांपासून आहे. हाताला चांगली आहे. हे आधीच सांगतो, कारण खाली चुकांची यादी येणार आहे आणि त्यातली एक माझी आहे.

हाक ऐकायला कोण जागं असतं

डबीला उठवणारी हाक म्हणजे मॅजिक पॅकेट, चिप बनवणाऱ्या एएमडीने १९९५ मध्ये मांडलेली युक्ती. नाव मोठं, आत जादू काही नाही. फ्रेममध्ये कुठेही सलग सहा बाइट ‘एफएफ’ आणि त्याला जोडून त्या मशीनचा सहा बाइटांचा मॅक ॲड्रेस सोळा वेळा. सहा अधिक शहाण्णव, १०२ बाइट. लोक हे यूडीपीत घालून ९ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवतात, पण ते नुसतं पाकीट. झोपलेलं कार्ड ना आयपी बघतं ना पोर्ट. ते येणाऱ्या बाइटांवर नजर ठेवून हा एकच नमुना शोधत असतं.

नमुना शोधायला मात्र कुणीतरी जागं लागतं. फायला वीज हवी, मॅकच्या रिसीव्ह भागाला क्लॉक हवं, आणि नमुना जुळल्यावर जो इंटरप्ट (प्रोसेसरला दिलेला इशारा) उठेल तो झोपलेल्या प्रोसेसरपर्यंत पोचायची वाट उघडी हवी. शाळेत ‘काकचेष्टा बकध्यानम्’ पाठ करताना श्वाननिद्रा शिकलो होतो ना, तीच ही. अंग झोपलंय, कान उभे.

म्हणून वेक-ऑन-लॅनचा पॅच आला की मी इथटूलचं, म्हणजे नेटवर्क कार्डाची सेटिंग बदलायच्या साधनाचं, सेट-वोल फंक्शन शेवटी वाचतो. तिथे वापरणाऱ्याची इच्छा नोंदवली जाते, एवढंच. खरी गोष्ट मशीन झोपताना चालणाऱ्या सस्पेंड फंक्शनमध्ये घडते, आणि तेही पॅचमध्ये दिसतं तेवढं वाचून भागत नाही. पॅच बदललेल्या ओळी आणि त्यांच्या वर-खाली तीन-तीन ओळी दाखवतो. घोळ बहुतेक वेळा चौथ्या ओळीत असतो.

इथे तो अकराव्या ओळीत होता. दुसऱ्या पॅचने सस्पेंडमध्ये नीट भर घातली होती: वेक मागितला असेल तर मॅकला मॅजिक पॅकेटच्या मोडमध्ये टाक, ट्रान्समिट बंद कर, रिसीव्ह चालू ठेव. सगळं बरोबर. पण त्याच्या खाली, पॅचबाहेर, जुन्या पुरवठादाराच्या हातची ओळ तशीच उभी होती: क्लॉक बंद कर. बिनशर्त. म्हणजे रखवालदाराला ‘जागा राहा’ म्हणायचं आणि जाता जाता त्याच्या खोलीचा दिवा घालवायचा.

मग टेस्ट पास झाली कशी? मी तिच्या जागेवर गेलो.

“तपासलंस कसं?”

“झोपवलं, लॅपटॉपवरून पॅकेट टाकलं, उठलं. दहा वेळा केलं.”

“झोपलंय हे कशावरून कळतं तुला?”

“कन्सोलवर सगळं दिसतं की. नो-कन्सोल-सस्पेंड लावलंय मी.”

तिथेच उत्तर मिळालं, पण लक्षात यायला आम्हा दोघांनाही अर्धा तास लागला. नो-कन्सोल-सस्पेंड हा कर्नलच्या कमांड लाइनवर द्यायचा पर्याय. तो दिला की बाकीचं मशीन झोपलं तरी सिरियल कन्सोल झोपवला जात नाही, म्हणजे झोपेच्या वाटेवरचे शेवटचे संदेशही वाचता येतात. सस्पेंडवर काम करणारा प्रत्येकजण तो लावतो, मीही लावतो. लिनक्समध्ये क्लॉकला वापरणाऱ्यांची मोजणी असते. एकाने ‘बंद कर’ म्हटलं तरी दुसरा कुणी वापरत असेल तर क्लॉक चालूच राहतं. मोजणी शून्यावर आली की मगच बंद. आमच्या चिपमध्ये इथरनेटचा मॅक आणि सिरियल पोर्ट एकाच बस-क्लॉकच्या फाटकामागे आहेत. कन्सोल जागा ठेवला म्हणून क्लॉक जागं राहिलं, क्लॉक जागं राहिलं म्हणून मॅकला ऐकू आलं. दुकानातल्या डबीत कन्सोलच नाही. तिथे ही डबी ठार बहिरी झोपली असती.

तो पर्याय काढून तिने पुन्हा चालवलं. झोपली ती झोपली. शेवटी पॉवरचं बटण दाबून उठवावी लागली.

इथे मी एक तिरसट कॉमेंट लिहिली होती, ‘टेस्टिंग उत्पादनावर करावं’ अशा अर्थाची. पाठवायच्या आधी खोडली. तिने जे केलं तेच मी केलं असतं. त्याऐवजी लिहिलं: ‘क्लॉक बंद करायची ओळ अटीत घाल, आणि अट का आहे ते वर एका ओळीत लिही. पुढचा माणूस साफसफाई करताना ती काढेल.’

इच्छा आणि अंमल

सेट-वोलमध्ये दुसरी गोष्ट सापडली. ‘जी’, म्हणजे मॅजिक पॅकेट, चालू केलं की ते फंक्शन लगेच इंटरप्टला वेकसाठी पात्र करत होतं. सगळं बंद केलं की अपात्र. दिसायला सरळ. पण इथेही मोजणी आहे. एखाद्याने आधी ‘जी’ दिलं, मग ‘जी’ आणि ‘पी’ (लिंक बदलली की उठ) दोन्ही दिले, तर पात्र करायची हाक दोनदा जाते. नंतर ‘डी’ देऊन सगळं बंद केलं की मोजणी दोनवरून एकवर येते. इथटूल सांगतं वेक बंद आहे, इंटरप्ट मात्र अजून हत्यार परजून बसलेला. नवीन कर्नलमध्ये आधीचीच निवड पुन्हा दिली तर इथटूलचा गाभा ती ड्रायव्हरपर्यंत येऊच देत नाही, त्यामुळे ‘जी’वर ‘जी’ दिल्याने काही होत नाही. पण ‘जी’वरून ‘जीपी’ ही खरीच नवी निवड आहे, ती येणारच.

त्याच फंक्शनमध्ये मॅकचं वेक-रजिस्टरही (चिपमधली सेटिंगची जागा) तिथल्या तिथे लिहिलं जात होतं. इंटरफेस खाली करून पुन्हा वर आणला की हा ड्रायव्हर मॅकला सॉफ्ट रीसेट देतो. रजिस्टर कोरं. वापरणाऱ्याने सकाळी मागितलेला वेक दुपारी हरवलेला, आणि इथटूल अजून ‘जी’च दाखवतंय कारण ते ड्रायव्हरच्या चलातून वाचतं.

दोन्हीवर उपाय एकच, आणि तो माझ्या आवडीचा आहे हेही कबूल करतो, कारण काही चांगले ड्रायव्हर वेगळं करतात आणि त्यांचंही चालतं. सेट-वोलने फक्त इच्छा लिहून ठेवावी आणि डिव्हाइस वेकअपला चालू आहे की बंद एवढं कर्नलला कळवावं. हार्डवेअरला हात लावणं, इंटरप्ट पात्र करणं, मॅक ॲड्रेस पुन्हा रजिस्टरमध्ये भरणं, हे सगळं सस्पेंडमध्ये. आणि त्याची बरोबर उलट कृती रिझ्यूममध्ये. मग जोडी जुळते आहे का हे दोन फंक्शन शेजारी ठेवून डोळ्यांनी तपासता येतं. मॅक ॲड्रेसचा उल्लेख मुद्दाम केला: कुणी चालू मशीनवर ॲड्रेस बदलला असेल तर हाक नव्या नावाने येणार, आणि कान जुन्या नावाकडे असतील तर उपयोग नाही.

किरकोळ म्हणून एक: पॅचने प्रोबच्या, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाला जोडला जातो त्या, वेळीच वेक चालू करून ठेवला होता, ‘ग्राहकाला हवाच आहे’ म्हणून. ते काढायला लावलं. कर्नलचा रिवाज असा की वेक करू शकणारी बहुतेक उपकरणं सुरुवातीला बंद असतात. पॉवर बटण, कीबोर्ड यांसारखे अपवाद, आणि नेटवर्क कार्डाच्या बाबतीत इथटूलने मागितलं तर. ग्राहकाला हवं असेल तर ते डबीच्या सेटिंगमध्ये जाईल, ड्रायव्हरमध्ये नाही.

दोन बरे पॅच, एकत्र वाईट

तिसरा पॅच वीज वाचवण्याचा होता. गिगाबिटवर लिंक धरून ठेवायला फायला बरीच वीज लागते, १० मेगाबिटवर खूपच कमी. १०२ बाइट ऐकायला गिगाबिट कशाला? म्हणून झोपण्यापूर्वी वेग खाली आणायचा. कल्पना चांगली. कोडमध्ये वेग उतरवल्यावर लिंक पुन्हा जुळेपर्यंत थांबायचं होतं, दोनेक सेकंद. ते का, असं मी विचारलं, आणि तिने दिलेलं उत्तर मला मनापासून आवडलं: फाय १० वर गेली तरी मॅकला कुणीतरी सांगावं लागतं. सांगणारं कोड जागं असेपर्यंत थांबलं नाही तर मॅक गिगाबिटच्या तालावर बसून राहील आणि समोरून १० चे बाइट येतील. दोघेही जागे, पण भाषा वेगळी.

हे बरोबरच. फक्त हाताने लिहायची गरज नव्हती. कर्नलच्या फायलिब या फायसाठीच्या कोडसंग्रहात वेग उतरवायचं आणि परत चढवायचं तयार फंक्शन २०१८ पासून आहे, थांबायचं की नाही हा पर्यायही त्यात आहे. शिवाय तिच्या कोडमध्ये १० हा आकडा ठोकून बसवला होता, आणि काही नव्या स्विचेसचे पोर्ट १० बोलतच नाहीत. तयार फंक्शन दोन्ही टोकांना जमेल असा सर्वांत खालचा वेग निवडतं.

खरा पेच वेगळाच होता. दुसऱ्या पॅचने इथटूलला ‘आम्हाला ‘पी’ पण जमतं’ असं सांगितलं होतं. ‘पी’ म्हणजे लिंकची अवस्था बदलली की उठ. फायचा इंटरप्ट आमच्या बोर्डवर फक्त वेकच्या तारेला जोडलेला आहे. एरवी ड्रायव्हर फायला अधूनमधून विचारून काम भागवतो. क्रम असा होता: आधी ‘पी’ सज्ज, मग वेग खाली. वेग खाली आणताना लिंक पडते आणि पुन्हा येते. फायच्या स्टेटस रजिस्टरमध्ये त्याची खूण उमटते आणि कुणी वाचेपर्यंत पुसली जात नाही. म्हणजे डबी झोपायला आडवी होते तेव्हाच तिचा इंटरप्ट ओढलेला असतो. स्वतःच्याच घोरण्याने जाग यावी तसं.

प्रत्येक पॅच सुटा वाचला तर दोन्ही निर्दोष. तिने ‘पी’ तपासलंच नव्हतं, कारण मागणी ‘जी’ची होती, रजिस्टरमध्ये बिट दिसला म्हणून यादीत टाकला. हे फार माणसं करतात. दहापैकी नऊ वेक-ऑन-लॅन पॅचेसमध्ये ‘सपोर्टेड’चा रकाना डेटाशीट बघून भरलेला असतो, मशीन बघून नाही, हे माझं निरीक्षण, मोजदाद नाही.

क्रम उलटा करून आणि खूण पुसून हे सुटलं असतं. तरी मी ‘पी’ काढूनच टाकायला सांगितलं. दुकानातला स्विच रात्री वीज गेल्यावर पुन्हा चालू होतो. तेव्हा गावभरच्या डब्या एकदम उठाव्यात अशी कुणाची इच्छा नव्हती. त्यावर ती थोडी नाराज झाली. जमवलेलं कोड काढताना होतंच तसं.

फट

दुसरी आवृत्ती आली, वाचली, मी होकार दिला. इथे माझी चूक.

तपासणीच्या टीमने रात्रभर चालणारा फेरा लावला होता: डबीला झोपायला सांगायचं, मध्ये कधीतरी मॅजिक पॅकेट टाकायचं, उठली का बघायचं. मधला वेळ दर खेपेला वेगळा. सकाळी बघितलं तर एक डबी झोपलेलीच. पुन्हा हाक मारली तर उठली. म्हणजे ऐकू येत होतं, एक हाक तेवढी गळली होती. फेऱ्याच्या नोंदीत दिसलं की ती हाक ‘झोप’ म्हटल्यावर जवळजवळ लगेच गेली होती.

कर्नल झोपताना सगळी उपकरणं एकापाठोपाठ एक झोपवतो आणि वेकचे इंटरप्ट खऱ्या अर्थाने सज्ज करतो ते त्यानंतर. आमचा मॅक आधीच वेक मोडमध्ये गेलेला, बाकीच्या उपकरणांची निजानीज चालू, या फटीत पॅकेट आलं. इंटरप्ट उठला, ड्रायव्हरचा नेहमीचा हँडलर धावला, त्याने स्टेटस रजिस्टर वाचलं. हे रजिस्टर वाचताच पुसलं जातं. इंटरफेस तर बाजूला केलेला, म्हणून हँडलर काही न करता परतला. पाहुणा दार वाजवून गेला, घरातल्याने दार उघडून बघितलं, कोणी नाही म्हणून लावून घेतलं, आणि घर झोपलं.

गंमत म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत तिने याची काळजी घेतली होती. हँडलरमध्ये वेक-इव्हेंट कळवायचं नेहमीचं फंक्शन, पीएम-वेकअप-इव्हेंट, बोलावलं होतं, आणि ते बघूनच मी निर्धास्त झालो होतो. पण त्या फंक्शनने चालू झोप मोडते ती फक्त एका अटीवर: झोपवणाऱ्या प्रोग्रॅमने आधी सिसएफएसमधल्या (कर्नलशी बोलायच्या फाइलींतल्या) वेकअप-काउंटच्या फाइलमध्ये आकडा लिहून ‘यानंतर काही घडलं तर झोपू नकोस’ असा करार केलेला असला पाहिजे. आमची डबी करार-बिरार काही करत नाही. स्टेटच्या फाइलमध्ये ‘मेम’ लिहिते आणि आडवी होते. त्यामुळे इव्हेंटची नोंद झाली, झोप मोडली नाही. याच फंक्शनचा ‘हार्ड’ भाऊ आहे, तो करार न बघता झोप थांबवतो. तिसऱ्या आवृत्तीत एक शब्द वाढला.

यावर एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की सर्व्हरने तीनदा हाक मारली की झालं, ड्रायव्हरमध्ये एवढं कोरीवकाम कशाला. सर्व्हर आता तीनदा हाक मारतो, कारण यूडीपी तसंही वाटेत हरवू शकतं. पण तिन्ही हाका एकाच फटीत पडल्या तर काय, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. झोपायला नकार मिळाला तर डबीच्या प्रोग्रॅमने काय करायचं, हेही मग लिहावं लागलं. तो आधी निमूटपणे गप्प बसायचा.

टेस्टची यादी आता आम्ही बदलली आहे. कन्सोल नसलेल्या खऱ्या डबीवर, झोपून अर्धा तास उलटल्यावर हाक. पहिल्या टेस्टमधल्या दहाही हाका झोपल्यावर मिनिटभरात आणि थेट आयपीवर गेल्या होत्या. लॅपटॉपच्या एआरपी तक्त्यात (कोणता आयपी कोणत्या मॅक ॲड्रेसचा ते सांगणाऱ्या) डबीची नोंद ताजी होती म्हणून त्या पोचल्या. ती नोंद गेली की झोपलेली डबी ‘हा आयपी कुणाचा’ला उत्तर देत नाही आणि पॅकेट निघतच नाही. म्हणून हाक ब्रॉडकास्टने. राउटर मात्र दुसऱ्या जाळ्यावरचा ब्रॉडकास्ट पुढे जाऊ देत नाहीत, १९९९ च्या आरएफसी २६४४ पासून तोच मूळ नियम आहे, तेव्हा प्रत्येक दुकानात एक जागं यंत्र ठेवून त्याच्याकरवी हाक मारावी लागते. उठल्यावर कोणत्या इंटरप्टने उठवलं हे पीएम-वेकअप-आयआरक्यूच्या फाइलमध्ये बघायचं. नाहीतर घड्याळाच्या अलार्मने उठलेली डबी आपल्याच पॅकेटने उठली असं वाटतं. आणि उलट्या बाजूच्या टेस्ट: साध्या पिंगने उठायचं नाही, शेजारच्या डबीच्या पॅकेटने उठायचं नाही, ‘डी’ दिल्यावर कशानेच उठायचं नाही. ‘जी’, ‘जी’ पुन्हा, मग ‘डी’ हा क्रमही यादीत आहे.

चौथी आवृत्ती आत गेली. वेग उतरवण्याचा पॅच वेगळा काढून नंतर घेतला, तयार फंक्शन वापरून. तो आता अठरा ओळींचा आहे.

आठवड्याने ग्राहकाचा नवा प्रश्न आला: झोपेतून उठते, मग पूर्ण बंद केलेली डबी पण उठवता येईल का? डेस्कटॉपमध्ये येतं, हे त्यांनी बघितलेलं. तिथे मशीन बंद असतानाही कार्डाला मागून वीज मिळत राहते, आणि ड्रायव्हरच्या शटडाउन फंक्शनमध्ये त्याची वेगळी तजवीज असते. पॅच लिहिणारी मुलगी लगेच कामाला बसणार होती. मी म्हटलं, आधी हार्डवेअरवाल्यांकडे जाऊ. त्यांनी स्कीमॅटिक उघडलं, फायच्या ३.३ व्होल्टच्या रेषेवर बोट ठेवलं आणि ती मागे मागे नेत रेग्युलेटरपर्यंत पोचवली. पॉवर-ऑफ झालं की तोच रेग्युलेटर पहिला बंद होतो. तिने त्या पानाचा फोटो काढून तिकिटाला जोडला आणि तिकीट बंद केलं.